पोचल्याचा फोन

आमच्या सासूबाईंना पाहुणा आल्याचं कौतुक फार, पण त्यांची खरी काळजी सुरू व्हायची ती पाहुणा गेल्यावर. गाडी फाटकाबाहेर पडली की त्या केरसुणी दाराआड उभी करायच्या, हात पदराला पुसायच्या आणि सोप्याच्या पायरीवर बसायच्या. वर खोलीत अंथरुणं विस्कटलेली, खिडकीत चहाचे कप, फरशीवर पोरांनी सांडलेला चिवडा. असू दे. गेलेली माणसं आपल्या मुक्कामी पोचली असा फोन आला की मगच त्या पदर खोचून उठायच्या आणि केर काढायला घ्यायच्या.

माणूस बाहेर पडल्या पडल्या केर काढू नये, हे तुमच्याही घरी कुणीतरी सांगितलं असेल. बहुतेक घरांत त्यावर तोडगा असतो. माणूस कोपऱ्यावरून वळला की तो गेला असं धरून चालतात. आमच्या सासूबाईंना तोडगे मान्य नव्हते. माणूस पणजीला निघाला असेल, तर तो पणजीला पोचला पाहिजे.

एरवी हा एक गोड स्वभाव म्हणून सोडून देता आला असता. अडचण एवढीच होती की त्या आपल्या घरातल्या खोल्या दिवसाच्या भाड्यानं द्यायच्या, एक कुटुंब सकाळी गेलं की दुसरं दुपारी दारात हजर असायचं, आणि या धंद्याचा मॅनेजर मी होतो.

सगळा गाव त्यांना आक्का म्हणायचा, म्हणून मीही आक्काच म्हणायचो. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. जावयाला कोण नावानं हाक मारतं? "काय वो पाव्हणं," एवढंच. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, माझे केस गेले, पोट आलं, तरी मी त्यांचा पाव्हणाच. भाड्यानं राहायला येणाऱ्यांना मात्र त्या पाव्हणं म्हणत नसत. ती 'वस्तीची माणसं'. मी एकदा म्हटलं, "आक्का, ते पैसे मोजून येतात, त्यांना पाव्हणं म्हणा. मी फुकट येतो." त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणून तर तुम्हास्नी म्हणतो. त्यांस्नी कायतरी मिळतंय पैशाचं. तुम्हास्नी निदान नाव तरी असू दे."

त्यांचं घर निपाणीच्या अलीकडे. बेळगावहून जाताना तवंदीचा घाट उतरला की हमरस्त्यापासून आत, उसाच्या मधोमध. खाली सोपा, स्वयंपाकघर आणि आक्कांची खोली, वर दोन खोल्या आणि आवाराच्या कडेला सासऱ्यांचं तंबाखूचं कोठार. पुण्याहून गोव्याला आणि गोव्याहून पुण्याला जाणाऱ्यांच्या पाठी ज्या जागी दुखायला लागतात, नेमक्या त्याच जागी ते घर आहे. हा शोध माझा. माझ्या आयुष्यात मला लागलेला हा एकमेव शोध असल्यामुळे मी तो आल्यागेल्याला सांगत असतो.

पण धंदा सुरू झाला तो शोधामुळे नाही. सासरे गेले आणि आक्का त्या घरात एकट्या राहिल्या. पद्मा, म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक लेक. पुढच्याच पावसाळ्यात आक्का धुण्याच्या दगडापाशी घसरल्या आणि दूध घालणारी शांताक्का येईपर्यंत चिखलात पडून राहिल्या. हाड मोडलं नाही, पण पद्मानं हाय खाल्ली. आईला उचलून ती बेळगावात, अनगोळला आमच्या घरी घेऊन आली.

आक्का आल्या, सोफ्याच्या कडेवर बसल्या आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढली. निपाणीहून आणलेली. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्या आईची, आजीची रीत. मी जरा शहाणपणा दाखवत म्हटलं, "आक्का, असं प्यायलं तर काय होतंय?"

"काय हुतंय ते बघाय कोण थांबलंय? आपण प्यायचं न्हाय."

"मग इथं राहणार कशा?"

"तेच तर सांगालोय. ऱ्हायाचं कसं?"

बाटली संपली तशा त्या उठल्या. पद्मा रडली, ओरडली, जेवणार नाही म्हणाली. आक्कांनी शांतपणे तिला भरवलं, स्वतः उपाशी राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "पाव्हणं, गाडी काढता का?" वाटेत घाटात मायलेकींचा करार झाला, तो मी गाडी चालवता चालवता ऐकला. घरात माणसाचा वावर पाहिजे, अशी पद्माची अट. आक्का म्हणाल्या, "व्हय. ज्या दिवशी माझ्या घराला माणूस मिळंना, त्या दिवशी कुलूप लावतो आणि तुझ्या दारात येतो. पाणीबी पितो. मग मी तुझी आई न्हाय, तुझ्याकडं ठिवलेली म्हातारी. पण तवर मला माझ्या घरात राहू दे."

त्यांच्या घराला माणूस मिळवून द्यायची जबाबदारी अशी माझ्यावर आली. मी मच्छेला एका फौंड्रीत स्टोअर सांभाळतो. माल आला की नोंद, गेला की नोंद, जागा रिकामी झाली की लगेच पुढचा माल. खोल्या म्हणजे दुसरं काय, असं मला वाटलं. मी फोटो काढले, खोल्या भाड्यानं देणाऱ्या एका ॲपवर घर चढवलं, 'निसर्गाच्या कुशीत' वगैरे लिहिलं आणि हॉटेलात असतात तशा पांढऱ्याशुभ्र चादरी घेऊन गेलो. आक्कांनी घडी उलगडली आणि परत घातली.

"पांढरी चादर कुणावर घालत्यात, ठाऊक हाय न्हवं?"

"आक्का, सगळ्या हॉटेलांत असतात."

"म्हणून तर लोक एका रात्रीत निघून जात्यात."

त्यांनी ट्रंकेतून जुन्या लुगड्यांच्या वाकळी काढल्या, उन्हात टाकल्या आणि पलंगांवर अंथरल्या. पहिल्याच आठवड्यात एक मुलगी त्या वाकळीचे फोटो काढत अर्धा तास पलंगावर चढून बसली होती. चादरी मी घरी परत आणल्या. अजून वापरतोय.

कोठाराला मी 'हेरिटेज रूम' असं नाव दिलं. सासऱ्यांनी तिथं वर्षानुवर्षं तंबाखू ठेवलेली. मी दोनदा चुना मारला, फिनाईल ओतलं, उदबत्त्या लावल्या, तरी पाऊस आला की भिंती बोलायला लागायच्या. एकदा एका बाईंनी नाक दाबून विचारलं, "आजी, हा वास कसला?" आक्का म्हणाल्या, "वास न्हाय गं त्यो. आमचं मालक हाईत." बाईंनी नाकावरचा हात काढला आणि दुसऱ्या दिवशी निघताना कोठाराच्या दाराला नमस्कार करून गेल्या.

दिवस बुडायच्या आत जेवायचं, ही आक्कांची जैनाघरची शिस्त. त्यांनी ती कुणावर लादली नाही. फक्त दिवस बुडाल्यावर त्यांची चूल पेटत नसे, त्यामुळे दुसरा इलाज नसायचा. उशिरा येणाऱ्यांसाठी ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि शेंगाची चटणी झाकून ठेवलेली असे. मला भीती वाटली, लोक तक्रार करतील. म्हणून मी घराच्या माहितीत 'सनसेट डिनर' असं लिहून टाकलं. त्याचीच लोक चौकशी करायला लागले. आक्कांना मी हे अभिमानानं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "लवकर जेवा म्हटलं असतं तर आलं असतं का कुणी? बरं केलंसा. नोकरी सोडून ह्योच धंदा करा."

असं सगळं जमत होतं. केर तेवढा जमत नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत खोल्या ओळीनं लागायच्या. सकाळी जाणारे नऊला निघाले, तर गोव्याला पोचायला दुपार. वाटेत आंबोलीला थांबले, भजी खाल्ली, फोटो काढले, की आणखी उशीर. तोवर इकडं नवी माणसं दारात. आक्का त्यांना आंब्याखाली चटई टाकून द्यायच्या, ताक द्यायच्या, गाव कुठलं, मुलं किती, सगळं विचारायच्या. खोली सोडून सगळं द्यायच्या.

"आजी, आत जाऊ का?"

"जरा दम धर की. आदुगरची माणसं पोचायची हाईत अजून."

निघणाऱ्या प्रत्येकाला त्या बजावायच्या, "पोचलो म्हणून फोन करा." कन्नड माणसं असतील तर फोनवर आधी त्याच विचारायच्या, "मुट्टिद्रेन्री?" पोचलात का, म्हणून. पण लोक विसरतात. आपल्या घरी पोचलेला माणूस आधी पंखा लावतो, मग आडवा होतो. निपाणीच्या उसात एक बाई आपल्यासाठी केर काढायची थांबली आहे, हे त्याच्या ध्यानात कशाला राहतंय?

मग ॲपवर लोक लिहायला लागले. 'जागा छान, आजी प्रेमळ, पण दुपारभर झाडाखाली बसलो.' 'खोली अस्वच्छ होती. कारण विचारलं तर म्हणे आधीचे लोक वाटेत आहेत. आमचा काय संबंध?' चांदण्या भराभर कमी झाल्या. शेवटी ॲपवाल्यांची सूचना आली, अशीच तक्रार पुन्हा आली तर तुमचं घर यादीतून काढावं लागेल. मी ती पद्माला वाचून दाखवली. संध्याकाळी पाहतो तर तिनं आमची मागची खोली रिकामी करायला घेतली होती. आईसाठी.

मला ती रिकामी होत चाललेली खोली बघवेना. मी एक युक्ती केली. स्टोअरमधून दुसऱ्याच्या मोबाईलवरून आक्कांना फोन लावला आणि आवाज बारीक करून म्हणालो, "आक्का, आम्ही पोचलो बरं का." एकदा खपलं. दुसऱ्यांदा मी साताऱ्याचा डॉक्टर झालो, तेही खपलं. तिसऱ्यांदा हुबळीचा व्यापारी होऊन कन्नडमधून बोललो. माझं कन्नड फौंड्रीत शिकलेलं, त्यामुळे त्यात शिव्या जास्त आणि क्रियापदं कमी.

"पाव्हणं," आक्का म्हणाल्या, "हुबळीच्या माणसाच्या मागं तुमच्या कारखान्याचा भोंगा वाजालाय."

मी हसायचा प्रयत्न केला. त्या हसल्या नाहीत. "म्हंजे ते साताऱ्याचं डाक्टर? मी केर काढला की वो त्यांच्या मागं." फोन ठेवून त्यांनी डॉक्टरांना फोन लावायला सुरुवात केली. ते घरी सुखरूप होते, चार दिवस झाले होते. तरी त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय आक्कांनी पाणी घेतलं नाही, असं शांताक्कानं मला नंतर ऐकवलं. वर म्हणाली, "जावई हाईसा म्हणून सोडलं तुम्हास्नी."

पुढच्या रविवारी मी माफी मागायला गेलो. बसल्या बसल्या मी मला जे विचारायचं होतं ते विचारलं. माझा तर्क असा, की कधीतरी कुणीतरी घरातून बाहेर पडलं असेल, आक्कांनी घाईनं केर काढला असेल आणि ते माणूस परत आलं नसेल. गोष्टी सांगायचा नाद असलेल्या माणसाला असं काहीतरी लागतंच. आक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी माझं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.

"तसलं काय न्हाय वो. ह्यांचं म्हणाल तर च्या पिऊन पलंगावर गेलं. प्रत्येक गोष्टीच्या मागं मरण लागतंय व्हय तुम्हास्नी?"

"मग?"

"मग काय? केर काढला की माणूस गेला. न्हाय काढला, तर अजून वाटेत हाय. वाटेतल्या माणसाच्या मागं कुणीतरी नगो का?" त्यांनी माझ्या हातावर मूठभर शेंगदाणे ठेवले. "तुम्ही बेळगावास्नं येऊन परत जातासा, तवाबी मी अशीच बसतो. पद्मी फोन करती, पोचलो आई म्हणून. तुम्हास्नी ठाऊकच नसंल."

मला ठाऊक नव्हतं. पंचवीस वर्षं मी तो घाट चढत होतो. बायको दारात शिरल्या शिरल्या आईला फोन का लावते, असं म्हणून मी दर वेळी कुरकुरतही होतो.

पण समजणं वेगळं आणि धंदा वेगळा. मे महिन्यातल्या एका दिवशी मी आणि पद्मा मुद्दाम तिकडे गेलो. सकाळी हुबळीचं एक म्हातारं जोडपं जाणार होतं आणि दुपारी सांगलीकडचं मोठं कुटुंब येणार होतं. या वेळी तक्रार आली असती तर घर यादीतून गेलंच असतं आणि मग करार पाळावा लागला असता. हुबळीचे लोक वेळेवर निघाले. जाताना मी स्वतः त्यांच्या हातापाया पडून सांगितलं, पोचल्या पोचल्या फोन करा. ते हो हो म्हणाले.

सांगलीची गाडी आली तेव्हा हुबळीचा फोन आलेला नव्हता. आक्का लावत होत्या, तो लागत नव्हता. गाडीतून मुलं उतरली, सून उतरली, दोन पिशव्या घेऊन मुलगा उतरला आणि शेवटी एक उंच, खाकी रंगाची सवय असलेले आजोबा आणि त्यांची ठेंगणी बायको. ऊन रणरणत होतं. मुलगा म्हणाला, "रूम तयार आहे ना? मुलं दमली आहेत."

मी दाराआडची केरसुणी उचलली.

आक्का पायरीवरून उठल्या. मला वाटलं, आता वाट अडवणार. त्या बाजूला झाल्या. "काढा पाव्हणं," त्या म्हणाल्या. "तुमचं काय चुकत न्हाय. मी तेवढं आंब्याखाली जाऊन बसतो. मला आवाज नगो." आणि खरंच कानावर पदर घेऊन त्या जाऊन बसल्या. माझ्याच्यानं जिना चढवेना. हातात केरसुणी घेऊन मी अंगणात उभा राहिलो. एखाद्या जावयाचा इतका नेमका फोटो कुणी काढला नसेल.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं. पद्मानं त्यांना सांगितलं. मुलगा वैतागला, "अहो, पण आमचा काय संबंध?" आजोबांनी त्याला हातानं गप्प केलं. ते एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले. ते हसत आपल्या बायकोकडे वळले. "ऐकलंस का? आमच्या मागं असं कुणी थांबलं असतं तर घराचा उकिरडाच झाला असता. रोज पहाटे जायचो."

त्या ठेंगण्या बाई पिशवीतून मुलांसाठी पेले काढत होत्या. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "झालाच होता की. तुम्हीच ओरडायचा न्हवं, दुपार झाली तरी घरात केर तसाच म्हणून?"

"म्हंजे?"

"म्हंजे काय म्हंजे? तुमची गाडी सोलापूरला दुपारी लागायची. कंडक्टरच्या घरी फोन होता, तिकडनं निरोप यायचा. मग मी काढायची."

"कधी बोलली नाहीस."

"त्यात काय बोलायचं?" त्या पेले घेऊन नळाकडे गेल्या.

आजोबांनी चप्पल काढली, आंब्याखाली गेले आणि आक्कांच्या शेजारी चटईवर मांडी घालून बसले. "हुबळीला कंच्या रस्त्यानं गेल्यात?" त्यांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, "हायवेनं." "मग कित्तूरच्या पुढं जेवायला थांबली असतील. आता गाडी हलली असंल बघा." आक्कांनी कानावरचा पदर काढला.

मग काय, सगळ्यांनीच वाट बघायला सुरुवात केली. मुलांनी खेळ मांडला, हुबळीचे आता कुठं असतील याचा. सुनेनं शेंगा फोडायला घेतल्या. वैतागलेला मुलगा फोनमध्ये नकाशा उघडून रस्त्यावर गर्दी आहे का ते बघायला लागला आणि धारवाडजवळ लाल दिसतंय म्हणून काळजीनं सांगायला लागला. ज्यांना कधी पाहिलं नव्हतं, अशा दोन म्हाताऱ्या माणसांना त्या अंगणानं किलोमीटर किलोमीटर करून घरी नेलं.

फोन वाजला तेव्हा आक्कांच्या आधी मुलंच ओरडली. "मुट्टिद्रेन्री?" आक्कांनी विचारलं, ऐकलं आणि मान हलवली. पोचले होते. फोन चार्ज करायला विसरले होते, एवढंच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांनी माझ्या हातातली केरसुणी घेतली आणि जिन्याकडे निघाले. "अवो, तुम्ही कुठं!" म्हणत आक्का धावल्या. "राहू दे आक्का," ते म्हणाले. "माझ्या वाटचं लई वर्षांचं राहिलंय." वरून बराच वेळ केर काढल्याचा आवाज येत होता. त्यांची बायको नळापाशी पेले विसळत होती. सगळे स्वच्छ झाले तरी विसळत होती.

त्या लोकांनी ॲपवर काय लिहिलं ते मी सांगत बसत नाही. घर यादीत राहिलं. पद्मानं मागच्या खोलीत सामान परत भरलं. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा स्टोअरच्या नियमाविरुद्ध वागलो. घराच्या माहितीत 'निसर्गाच्या कुशीत' काढून टाकलं आणि लिहिलं, 'आधीचे पाहुणे आपापल्या घरी पोचल्याचा फोन आल्यावरच खोली झाडून मिळेल. तोवर आंब्याखाली ताक आहे. तुम्ही गेल्यावर तुमच्यासाठीही असंच थांबू.' धंदा बुडणार असं मला वाटलं होतं. काही लोक आलेच नाहीत, ते खरं. जे आले ते परत आले. आणि फोन करायला क्वचितच कुणी विसरलं.

आक्का शेवटपर्यंत त्या घरात राहिल्या. आमच्या घरी त्या यायच्या त्या सकाळी येऊन दुपारी परत, बाटली घेऊन. अनगोळच्या नळाचं पाणी त्या कधीच प्यायल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी त्यांनी एका तरुण जोडप्याला निरोप दिला. मोटारसायकलवरून गोव्याला निघालेली पोरं. आक्कांनी त्यांच्या पिशवीत भाकऱ्या बांधून दिल्या, केरसुणी दाराआड ठेवली आणि पायरीवर बसल्या. शांताक्का रिकामं भांडं न्यायला आली तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोबाईल मांडीवर होता. ती दोनदा बोलली, मग तिनं हात लावून बघितला.

आम्ही पोचलो. जे करायचं ते त्याच दुपारी झालं. स्मशानातून मी पुरुषांबरोबर परत आलो, तर घरात वेगळाच पेच. माणूस गेल्यावर घर लगेच झाडून धुवून घ्यायचं असतं, ती रीत. शांताक्का केरसुणी घेऊन उभी, आणि पद्मा जिन्याच्या पायरीवर आईचा मोबाईल हातात घेऊन बसलेली.

"तुम्ही तरी सांगा हिला," शांताक्का मला म्हणाली. "केर काढू देईना झालीया."

"वरच्या खोलीतली पोरं अजून पोचली नाहीत," पद्मा म्हणाली.

गावातल्या बाया जमल्या होत्या. त्यांतल्या एकीनं पदर सावरला आणि ती अंगणात खाली बसली. मग दुसरी बसली. शांताक्कानं केरसुणी दाराआड नेऊन उभी केली आणि तीही बसली. मी सोप्याच्या पायरीवर बसलो, रोज आक्का बसत त्याच जागी.

ऊन उसावर गेलं तेव्हा फोन वाजला.

"आक्का, पोचलो बरं का!" मुलीचा आवाज इतका मोठा होता की सगळ्यांना ऐकू आला. "सॉरी, टायर पंक्चर झाला होता. तुम्ही थांबल्या असाल ना केर काढायच्या?"

"थांबलो होतो," पद्मा म्हणाली. तिचा आवाज अगदी तिच्या आईसारखा आला. "पोचलासा न्हवं? बरं झालं बाळा. आता काढतो."

तिनं फोन ठेवला, पदर खोचला आणि केरसुणी घेतली. आधी वरची खोली झाडली, मग जिना, मग सोपा, मग स्वयंपाकघर. आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी ती थांबली. शांताक्का पाण्याची बादली घेऊन मागे उभी होती. पद्मानं दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

"ही राहू दे," ती म्हणाली. शांताक्कानं बादली खाली ठेवली.

ती खोली पद्मानं कधी झाडली, ते मी विचारलेलं नाही. घर अजून चालू आहे, आता शांताक्का बघते. मी रोज सकाळी अनगोळहून मच्छेला जातो. अंतर ते काय, वाटेत एक चहाही थंड होत नाही. तरी फौंड्रीच्या फाटकातून आत गेलो की आधी पद्माला फोन लावतो. मागं भोंगा वाजत असतो, त्यामुळे या वेळी कुणाला संशय येत नाही.

मध्ये एकदा विसरलो. दिवसभर स्टोअरमध्ये माल मोजत होतो, फोन ड्रॉवरमध्ये राहिला. संध्याकाळी घरी आलो तर सकाळचा पेपर सोफ्यावर तसाच, माझा चहाचा कप खिडकीत तसाच, कांद्याची टरफलं फरशीवर. पद्मा बाहेरच्या पायरीवर बसली होती. मी गाडी लावली, चप्पल काढली.

"पोचलो गं," मी म्हटलं.

ती उठली आणि दाराआड हात घातला.